सातारच्या मासिकवाल्याचा समुद्र

पारसनीस हे काही इतिहासकार नव्हेत, मासिकवाले. कागद जमवायचे, छापायचे आणि साहेबांच्या ओळखीत मिरवायचे. हे मत आपल्याकडे इतक्या सहजपणे फेकले जाते की, बाबा रे, हे तू कशावरून म्हणतोस, असे विचारायचीही कुणाला गरज वाटत नाही. त्यातून विषय आरमाराचा निघाला की आवाज आणखी चढतो. उभा जन्म घाटावर काढलेल्या माणसाने ‘मराठ्यांचे आरमार’ नावाचे पुस्तक लिहावे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच की, असा एकूण सूर.

दत्तात्रय बळवंत पारसनीस ३१ मार्च १९२६ रोजी वारले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडेही गेले. राजवाड्यांच्या वाट्याला दंतकथा आल्या: गावोगावची वणवण, फटकळ जीभ, सरकारच्या दारात पाऊल न ठेवण्याचा बाणा. पारसनीसांच्या वाट्याला ‘रावबहादूर’ ही पदवी आली आणि तिच्या पाठोपाठ कुत्सित हसू आले. राजवाडे थोर होतेच, त्यात वाद नाही. पण एकाला थोर ठरवण्यासाठी दुसऱ्याला कारकून ठरवलेच पाहिजे, हा आपल्या मराठी टीकेचा जुना खोडसाळपणा आहे. पारसनीसांना देव्हाऱ्यात बसवण्याची मला हौस नाही. त्यांच्यात जे उणे आहे त्याकडे मी पुढे येणारच आहे. मात्र जे आक्षेप आज त्यांच्यावर घेतले जातात ते बहुतेक चुकीच्या जागी घेतले जातात, आणि त्यात मराठ्यांच्या दर्यावर्दी इतिहासाची साधने आपल्या हाती मुळात आली कशी, हेच विसरले जाते.

आधी ‘मासिकवाला’ ही शिवी घेऊ. शिवी खरी आहे. १८७० साली जन्मलेल्या या मुलाने विशी गाठण्याआधीच साताऱ्यात ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक चालवायला घेतले. पुढे ‘भारतवर्ष’ आले आणि १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’. म्हणजे शाळा सुटल्यापासून हा माणूस छापखान्याची शाई, टपालाचे गठ्ठे आणि वर्गणीदारांची थकबाकी यांतच वावरला. पदवी नाही, प्राध्यापकी नाही. ठीक. आता आक्षेपकांनी त्या काळातल्या पदवीधर, प्राध्यापकी करणाऱ्या मराठी इतिहाससंशोधकांची यादी द्यावी. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत मास्तर होते. सरदेसाई बडोद्याला राजघराण्यातल्या मुलांना शिकवत होते. काशिनाथ नारायण साने शाळाखात्यातले. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रांट डफच्या इतिहासाची चिरफाड केली तेव्हा ते विद्यार्थीदशेत होते. आणि ज्या ग्रांट डफची चिरफाड केली तो तरी कोण? कंपनीच्या फौजेतला कॅप्टन, साताऱ्याचा रेसिडेंट. आंग्र्यांना ‘मलबारचे चाचे’ हे बिरूद ज्याने १९०७ साली पुस्तकाच्या कपाळावरच लावले तो बिडल्फ हा कर्नल होता. कर्नलाच्या पुस्तकाला कोणी फौजवाल्याचे पुस्तक म्हणून बाजूला सारत नाही. त्याचे हवाले आजही दिले जातात. कमीपणा फक्त सातारच्या मासिकवाल्याला.

पण हे झाले तोंडास तोंड. मुद्दा त्याहून खोल आहे, आणि तो असा की मासिक हीच त्या काळातली संशोधनाची पद्धत होती. तिच्यावाचून दुसरी शक्यच नव्हती.

१८९० च्या आसपासची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. पेशवे दप्तर पुण्यात सरकारी कुलपात. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या वजनदार माणसाने खटपट केली तेव्हा कुठे गणेश चिमणाजी वाडांनी काढलेले रोजनिशांतले उतारे छापण्याची वाट मोकळी झाली. ते संपादून छापणाऱ्यांतही पारसनीस होतेच. दप्तर खऱ्या अर्थाने उलगडले ते सरदेसायांच्या ४५ खंडांत, १९३० नंतर, म्हणजे पारसनीसांच्या पश्चात. मुंबई विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेऊन पदव्या वाटत होते. मोडी कागदाशी त्याचे देणेघेणे नव्हते. राहिली घरे. सरदारांचे वाडे, इनामदारांची माजघरे, मठ, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या. कागद होते ते तिथे, रुमालात बांधून आढ्याला टांगलेले, वाळवीच्या तोंडी. आणि घरवाल्याच्या मनात एक धास्ती: हा कागद बाहेर गेला तर इनाम चौकशीचे शुक्लकाष्ठ मागे लागेल.

अशा घरातून कागद बाहेर कसा काढायचा? पत्र हा प्रकारच असा की एका घरात त्याचा अर्धाच भाग असतो. धनी चाकराला लिहितो ते चाकराच्या घरी सापडते. चाकराचे उत्तर धन्याच्या दप्तरी. एक पत्र मासिकात छापले गेले की ते महिन्याभरात चार जिल्ह्यांतल्या चावड्यांवर आणि वाचनालयांत पोहोचते. कुणीतरी त्यात आपल्या पणजोबाचे नाव वाचतो. त्याला अभिमान तरी वाटतो किंवा राग तरी येतो, आणि दोन्हींचा परिणाम एकच: तो घरातला रुमाल सोडतो. ‘काव्येतिहाससंग्रहा’ने १८७८ पासून दहा वर्षे हेच केले, पारसनीसांनी तीच वाट पुढे चालवली. ग्रंथ एकदा छापला की मिटतो. मासिकाला पुढचा अंक असतो, म्हणून त्यात दुरुस्ती, खुलासा, तक्रार, नवा कागद हे सगळे शिरू शकते. विखुरलेल्या खाजगी कागदांच्या मुलखात यापेक्षा चांगले अवजार कोणते होते, हे आक्षेपकांनी सांगावे.

या मासिकवाल्याने तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले, १८९४ साली. बंडाला चाळीस वर्षेही झाली नव्हती. राणीच्या दत्तक मुलाशी, इंदुरात दिवस काढणाऱ्या दामोदररावांशी संबंध जोडून त्यांनी माहिती मिळवली. झाशीतल्या इंग्रजांच्या कत्तलीत राणीचा हात नव्हता असे मार्टिन नावाच्या गोऱ्या माणसाने १८८९ च्या ऑगस्टात दामोदररावांना कळवले होते. ते पत्र या चरित्रात छापले गेले आणि आजतागायत राणीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी झटापट करावी लागते. त्या पत्रावर किती विश्वास ठेवावा हा स्वतंत्र वाद आहे. पण ते खाजगी पत्र होते, कुठल्या सरकारी कपाटात नव्हते. बातमीदार जसा जिवंत माणसाच्या दारात जाऊन उभा राहतो तसा हा मुलगा गेला म्हणून ते हाती आले.

आता दुसरा आक्षेप: घाटावरचा माणूस, त्याला समुद्राचे काय कळणार.

हा आक्षेप ऐकायला चटपटीत आहे, म्हणून तो टिकला. कागदांचा भूगोल जरा पाहिला तर त्यात काही उरत नाही. कान्होजी आंग्र्यांना सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कुठून मिळाली? छत्रपतींच्या गादीकडून. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना शाहूकडे वळवले तेव्हापासून कुलाब्याच्या आरमाराचा कायदेशीर धनी साताऱ्यात बसत होता. कोणता किल्ला कोणाकडे, कोणाच्या तैनातीला काय, कोणाची तक्रार कोणावर, हे सारे घाट चढून वर येई आणि तिथेच राही. खाली कोकणात खारी हवा, पाऊस आणि लागोपाठच्या लढाया. वर कोरडी हवा आणि दप्तरखाना. समुद्राचे कागद डोंगरात सापडले यात नवल ते काय?

धावडशीचेच घ्या. साताऱ्याहून थोड्या अंतरावरचे गाव. तिथे ब्रह्मेंद्रस्वामी राहायचे. हे स्वामी मूळचे कोकणात, चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री. सावनूरहून येणाऱ्या एका हत्तीवरून आंग्रे आणि अंजनवेलचा हबशी सरदार सिद्दी सात यांच्यात कुरापत निघाली आणि सिद्दीचा राग १७२७ साली परशुरामाच्या देवळावर निघाला. देऊळ फोडले गेले. स्वामी कोकण सोडून वर आले आणि धावडशीला स्थिरावले. पण कोकण त्यांना सुटले नाही. बाजीराव, चिमाजी अप्पा, कान्होजींचे मुलगे, आंग्रे घराण्यातल्या बायका, खुद्द हबशी, सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार. कोणी कर्जाची मुदत मागतो, कोणी भावाची चुगली करतो, कोणी मोहिमेची बातमी कळवतो. कान्होजींचे पुत्र सेखोजी १७३३ साली वारले, मग संभाजी आणि मानाजी या भावांत तेढ पडली, १७३५ साली बाजीरावाने दोघांची वाटणी करून एकाला कुलाबा आणि एकाला विजयदुर्ग असे केले. मराठ्यांच्या दर्यावरच्या ताकदीला तडा गेला तो इथे. हा तडा एका घरात आतून कसा वाढत गेला हे बघायचे असेल तर मुंबईच्या इंग्रज वखारीचे कागद उपयोगाचे नाहीत. त्यांना फक्त तोफांचे आवाज ऐकू येत होते. घरातली भांडणे ऐकायला धावडशीच्या गोसाव्याची पत्रेच लागतात. ती पारसनीसांनी १९०० साली स्वामींच्या चरित्रासह छापली. हे धार्मिक चरित्र म्हणून कपाटात ठेवणाऱ्यांनी एकदा ते कोकण किनाऱ्याचा नकाशा शेजारी ठेवून वाचावे. स्वामींविषयीची पारसनीसांची भक्ती वाटल्यास गाळून टाका. पत्रे उरतात.

तीच गोष्ट मेणवलीची. नाना फडणविसांचे दप्तर वाईजवळच्या मेणवलीला होते आणि ते पारसनीसांच्या हाती आले. तुळाजी आंग्रे पडल्यावर विजयदुर्ग हे पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे झाले, आनंदराव धुळप तिथले सुभेदार. धुळपांचा धनी पुण्यात. म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले आरमार समजून घ्यायचे तर नानांच्या कागदांपाशी यावे लागते, आणि ते कागद कृष्णेच्या काठी.

इथे एक प्रसंग जवळून बघण्याजोगा आहे. एप्रिल १७८३. मुंबईहून ‘रेंजर’ नावाचे बारा तोफांचे इंग्रजी जहाज दक्षिणेला निघाले होते. वर लेफ्टनंट प्रुएन कप्तान, आणि बिदनूरच्या लढाईवर निघालेले मोठमोठे अंमलदार: कर्नल मॅक्लिऑड, कर्नल हंबरस्टन, मेजर शॉ. धुळपांच्या आरमाराने त्याला गाठले. जबर झुंज झाली. शॉ मारला गेला, हंबरस्टन जखमांनी पुढे विजयदुर्गातच वारला, मॅक्लिऑड जखमी, जहाज कबजात. इंग्रज इतिहासकारांच्या लेखी हा सरळ विश्वासघात, कारण सालबाईचा तह आदल्याच वर्षी मे महिन्यात ठरला होता आणि त्या फेब्रुवारीत पक्काही झाला होता. आता प्रश्न असा की तहाची खबर विजयदुर्गाच्या सुभेदाराला लढाईच्या दिवशी होती का. जहाजाच्या रोजनाम्यात त्याचे उत्तर असणे शक्य नाही. ते पुणे आणि विजयदुर्ग यांच्यातल्या टपालातच शोधावे लागते: कोणते पत्र कोणत्या तारखेला निघाले, जासूद किती दिवसांनी पोहोचला, धुळपांनी पहिल्या जबाबात काय लिहिले. विश्वासघाताचा आरोप सिद्ध होवो की खोटा ठरो, निकाल या कागदांवर लागणार. ते वाण्याच्या पुड्यांना गेले असते तर इंग्रजांचा एकतर्फी निकाल कायम झाला असता. ते गेले नाहीत याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत मेणवलीचे दप्तर सांभाळणारा हा मासिकवाला आहे.

कागद हाती आला म्हणजे काम संपले असेही नव्हे. ‘नुसते जमवणारे’ म्हणणाऱ्यांना मोडी पत्र समोर ठेवून बसवले पाहिजे. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, ओळ वरच्या रेघेला लोंबकळत सरळ धावते. आणि साल? इसवी सन कुठेच नसतो. अरबी आकडे असतात: सीत खमसैन मया व अलफ. म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, ११५६. हा शुहूर सन, मृगाला बदलणारा. पत्र पावसाळ्यापासून डिसेंबरापर्यंतचे असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे मधले असेल तर ६००. महिना जमादिलावल असेल तर चंद्राचा हिशेब वेगळा करायचा. हे सगळे केले की आपण फेब्रुवारी १७५६ ला पोहोचतो, ज्या महिन्यात विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजीचे आरमार जळाले. एक आकडा चुकला तर पत्र वर्षभर मागे-पुढे सरकते आणि जो माणूस लढाईआधी फितूर झाला तो लढाईनंतर शरण आलेला ठरतो. ही बेरीज शेकडो कागदांवर, छपाईची तारीख गाठत करणाऱ्या माणसाला हमाल म्हणणे सोपे आहे.

त्या फेब्रुवारी १७५६ ची गोष्ट निघाली आहे तर एक पोटप्रश्न. आपल्या व्याख्यानांच्या व्यासपीठांवर ‘नानासाहेबाने मराठ्यांचे आरमार बुडवले’ हे वाक्य टाळ्या घेते. इंग्रजी पुस्तकांत त्याच घटनेला ‘चाच्यांचा नायनाट’ म्हणतात आणि तिथेही टाळ्या पडतात. दोघांनाही मधले कागद नको असतात. रामाजी महादेव बिवलकराने मार्च १७५५ मध्ये मुंबईकरांशी करार केला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला. पुढल्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आग आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडलेल्या गोळ्याने लागली आणि ताफाभर पसरली. किल्ल्यात सापडलेले दहा लाखांच्या आसपासचे धन इंग्रजांनी आपसात वाटून घेतले, दोस्त मराठ्यांना त्यातले काही मिळाले नाही. तुळाजी उरलेला जन्म पेशव्यांच्या कैदेत राहिला. पेशव्याला तुळाजी का नकोसा झाला, ताराबाईच्या राजकारणाचा त्यात भाग किती, कोकणच्या बंदरांच्या जकातीचा किती, हे तोलायचे तर मराठी पत्रेच हवीत. माझ्या मते पेशव्याचा गुन्हा अदूरदृष्टीचा होता, कटाचा नव्हे. पण हे मत मला बनवता येते ते पत्रे छापली गेली म्हणून. ज्यांना पेशव्याला फासावर चढवायचे आहे तेही पुरावा तिथूनच काढतात आणि मग छापणाऱ्यालाच नावे ठेवतात.

तिसरा आक्षेप साहेबांच्या ओसरीचा. पारसनीस सरकारधार्जिणे होते, सी. ए. किंकेड या आय. सी. एस. अधिकाऱ्याशी त्यांचे गूळपीठ होते, इंग्रजीत पुणे-महाबळेश्वरची गुळगुळीत पुस्तके लिहून त्यांनी अंमलदारांना खूश केले. हे मी नाकारत नाही. ‘हिस्टरी ऑफ द मराठा पीपल’चे तीन भाग किंकेडच्या लेखणीतून उतरले आणि सामग्री पारसनीसांची, हे उघड आहे. पारसनीसांच्या लिखाणात इंग्रजांविषयी जिथे सरळ बोलायला हवे तिथे ते घसा खाकरून थांबतात. किंकेडसारख्या अधिकाऱ्याच्या सहवासाची ती किंमत होती. पण त्या ओसरीवर बसूनच त्यांनी काय साधले तेही मोजा. ज्यांना सरकारी दाराचा विटाळ होता त्यांना सरकारी कागदही मिळाला नाही. राजवाड्यांनी ती किंमत मोजली आणि सन्मानाने मोजली. पारसनीसांनी दुसरी मोजली. दोघांनीही मोजली एवढेच माझे म्हणणे. आणि जो माणूस १८९४ साली राणी लक्ष्मीबाईच्या बाजूने पुस्तक लिहितो त्याला एका शब्दात ‘लाळघोट्या’ म्हणून मोकळे होणाऱ्याने ते पुस्तक चाळलेले नसावे, असा मला दाट संशय आहे.

आता खऱ्या उणिवा. त्या मोठ्या आहेत आणि आक्षेपक त्यांच्याकडे बोट दाखवत नाहीत याचेच मला वाईट वाटते.

पहिली, पारसनीसांचे आरमार हे कागदावरचे आरमार आहे. सनदा, तैनाती, तह, लढाया. त्यात खलाशी नाही. गुराबेवर शिडाचे दोर कोण ओढत होते? कोळी, भंडारी, खारवी, दालदी. डोलकाठीचे लाकूड कुठल्या रानातून आले, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ कोणी भरली, पावसाळ्याआधी गलबते कुठल्या खाडीत ओढून शाकारली, याची चौकशी त्यांनी केलेली नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा धरावा, आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकून सावकारी बुडवू नये, लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे बारकाईचे हुकूम त्यात आहेत. त्या प्रकरणाला पुढे नेणारे लिखाण, म्हणजे जहाजबांधणीचे आणि जहाजावरच्या माणसांचे, पारसनीसांच्या हातून झाले नाही. हर्णै, विजयदुर्ग, रेवदंड्याच्या म्हाताऱ्या तांडेलांशी बोलण्याची त्यांच्याच काळात शेवटची संधी होती. वाफेच्या बोटींनी शिडाचा धंदा अजून पुरता गिळला नव्हता. ती संधी गेली. दामोदररावांच्या दारात उभा राहणारा बातमीदार एखाद्या खारव्याच्या अंगणात का गेला नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मला वाटते, कागद लिहिणाऱ्यांचाच इतिहास असतो ही त्या पिढीची समजूत त्यांच्याही हाडीमाशी मुरलेली होती.

दुसरी, त्यांना पोर्तुगीज बाजू ठाऊक नव्हती. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे पहिली जहाजे बांधायला काढली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते आणि ते मधेच पळाले. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून अलिबागेवर चाल केली आणि तोंडघशी पडल्यावर पोर्तुगीजांनी परस्पर तह केला. हे सारे आतून कळायला गोव्याचे दप्तर हवे. ते काम पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी केले, तेही सुरुवातीला शाळामास्तरच.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत जड: कागद कुठून आला हे पारसनीस अनेकदा सांगत नाहीत. अमुक घरातून, अमुक रुमालातून, मूळ की नक्कल, काही गाळले का, हे वाचकाला कळत नाही. राजवाड्यांनी याच बाबतीत मराठी संशोधनाला शिस्त लावली. पारसनीस कागद छातीशी धरून बसत, दुसऱ्याला दाखवायला नाखूश असत, ही त्यांच्याविषयीची तक्रार मी खोटी मानत नाही. कागद विकत घेणाऱ्या माणसाची ती खोड असते. तरीही एक फरक लक्षात घ्या. त्यांचा संग्रह त्यांच्या नातवंडांत वाटला गेला नाही. साताऱ्याला त्याचे संग्रहालय झाले आणि १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

या संग्रहांचा पुढे काय उपयोग झाला तेही पाहायला हवे. कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ सेनांनी मराठी शिकून १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात आरमाराला भरघोस जागा दिली, आणि १९४१ साली कान्होजींच्या उमेदवारीच्या काळावर लिहिले. ते हे करू शकले कारण वाडांचे उतारे, राजवाड्यांचे खंड, मासिकांतली छापील पत्रे कलकत्त्याच्या टेबलावर उपलब्ध होती. मनोहर माळगावकरांचे कान्होजींवरचे इंग्रजी पुस्तक १९५९ चे, भा. कृ. आपट्यांचा आरमारावरचा ग्रंथ १९७३ चा. आज कोणी आंग्र्यांना चाचे म्हटले तर आपण ताडकन उठून सांगतो की ती सार्वभौम सत्तेची दस्तके होती, जकात होती, लूट नव्हे. हे उत्तर देण्याचे बळ आपल्यात कुठून आले, याचा विचार मासिकवाल्याला हसताना करावा.

म्हणून आक्षेपकांना माझे एकच मागणे आहे. पारसनीसांवर अविश्वास आहे ना, मग तो नीट ठेवा. ‘इतिहाससंग्रहा’चे अंक घ्या, ब्रह्मेंद्रस्वामींची पत्रे घ्या, त्यांतली आंग्रे-सिद्दी-धुळपांच्या आरमाराची पत्रे वेगळी काढा. मूळ मोडी जिथे उपलब्ध असेल तिथे शेजारी ठेवा. कुठे शब्द चुकला, कुठे साल चुकले, कुठे ओळ गाळली आणि का गाळली, याची पत्रागणिक नोंद करा आणि ती छापा. पारसनीस खोटे पडले तर मीच आधी कबूल करेन. हे काम एका व्याख्यानात होत नाही, त्याला मोडी यावी लागते आणि शुहूर सनाची बेरीज यावी लागते. आणि छापायला जागा हवी असेल तर एखादे मासिकच शोधावे लागेल.